झाकली मूठ किती लाखाची?

ऑगस्ट २०२५ मधल्या एका शनिवारी आमच्या महाविद्यालयाच्या मार्गदर्शन कक्षात एक माजी विद्यार्थी आले होते. ते इथूनच अर्थशास्त्र घेऊन बी. ए. झाले आणि आता पुण्याला एम. बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला आहेत. आम्ही सगळे त्यांना दादाच म्हणतो. त्यांचे भाषण ठीक झाले, भाषणे होतात तसे. खरी रंगत आली ती नंतर, चहाच्या वेळी. दादांनी कप खाली ठेवला आणि आमच्या अर्थशास्त्राच्या सरांना विचारले, "सर, एका सल्लागार कंपनीला अर्ज करतोय. कॅटची परीक्षा दिली होती, पण पर्सेंटाइल अडुसष्टच आला. प्रवेश राज्याच्या सीईटीवर मिळाला. आता बायोडाटात ते अडुसष्ट लिहावेत का गाळावेत?"

चहा पिणाऱ्या प्रत्येकाला या विषयात एकदम गती असल्याचे दिसून आले. कोणी म्हणाले, विचारले नाही ते सांगायचे कशाला? कोणी म्हणाले, प्रामाणिकपणा दिसतो, लिहा. आमच्या वर्गातील एकाने तर ठेवणीतली म्हणच काढली, "झाकली मूठ सव्वा लाखाची!" सगळे हसले. सर मात्र हसले नाहीत. ते म्हणाले, "मूठ झाकलेली आहे हे समोरच्याला दिसत असेल, तर तो तिचे सव्वा लाख देईल का? कोणी तरी याचा नीट विचार करून अंकासाठी लिहा."

मी त्या वेळी गप्प होते. गप्प राहण्याला कारण होते, ते पुढे येईलच. पण लेख लिहायचे मी मनाशी तेव्हाच ठरवले.

आधी सल्लागार कंपनी म्हणजे काय ते सांगते, कारण आमच्या घरी मी हा शब्द उच्चारला तेव्हा आईने विचारले होते, "म्हणजे वकील का?" मोठ्या उद्योगांना, बँकांना, सरकारांनासुद्धा कारभार कसा करावा याचा सल्ला देणाऱ्या या कंपन्या. त्यांच्यातील नामांकित मॅकिन्झी १९२६ साली अमेरिकेत शिकागो येथे निघाली. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुप १९६३ सालची आणि बेन १९७३ सालची. भारतातही या तिन्ही कंपन्यांची कार्यालये आहेत, आणि त्यांच्याखाली मध्यम, लहान, अगदी तालुक्याच्या पातळीवर शेतकरी उत्पादक कंपन्यांना हिशेब व बाजाराचा सल्ला देणाऱ्या संस्थांपर्यंत मोठी उतरंड आहे. यांच्याकडे विकायला साबण नाही की मोटार नाही. हे माणसाची बुद्धी विकतात, आणि तीही पुष्कळदा बावीस-पंचवीस वर्षांच्या मुलांची, ज्यांनी तोपर्यंत काहीच केलेले नसते. मग हा मुलगा हुशार आहे हे गिऱ्हाइकाला आणि स्वतःलाही पटवायचे कशावरून? तर आकड्यावरून.

म्हणूनच या धंद्यात परीक्षेच्या गुणांना विलक्षण महत्त्व आले. अमेरिकेत सतराव्या वर्षी मुले महाविद्यालयीन प्रवेशासाठी सॅट नावाची परीक्षा देतात. तिचे एकूण गुण १६००. पदवी होऊन नोकरीला निघालेल्या तरुणांकडे मॅकिन्झी, बेन यांच्यासारख्या कंपन्या या सॅटचे गुण मागतात, अशी बातमी 'वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१४ साली दिली होती. चार वर्षांची पदवी हातात असताना सतराव्या वर्षीची परीक्षा कशाला, असे आपल्याला वाटेल. त्यामागचे कारण मात्र अगदी साधे आहे. एका महाविद्यालयातले सत्तर टक्के आणि दुसऱ्यातले सत्तर टक्के सारखे नसतात; सगळ्यांनी दिलेली एकच परीक्षा असली की सगळे एका तराजूत बसतात. आपल्याकडे ते काम कॅट करते, आणि कॅट नसेल तर दहावी-बारावी. "दहावीपासून सलग ६० टक्के" ही अट आपण सगळ्यांनीच जाहिरातीत वाचली आहे.

मायकेल स्पेन्स या अर्थशास्त्रज्ञाने १९७३ साली 'नोकरीच्या बाजारातील संकेत' या विषयावर एक निबंध लिहिला. नोकरी देणाऱ्याला उमेदवाराची खरी कुवत दिसत नाही, म्हणून तो दिसणाऱ्या खुणांवरून, पदवीवरून, अंदाज बांधतो, असे त्याचे म्हणणे. २००१ साली त्याला अॅकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ यांच्यासमवेत नोबेल मिळाले. हा भाग आम्हांला सरांनी शिकवला तेव्हा मी वहीत लिहून घेतला आणि विसरले. पण लिहिलेली खूण जशी वाचली जाते, तशी न लिहिलेली खूणही वाचली जाते का? दादांचा प्रश्न हा होता, आणि त्याचे उत्तर मला वर्गाआधी बाजार समितीत मिळाले होते. फक्त ते ओळखता आले नव्हते.

आमचे गाव नाशिक जिल्ह्यात. घरी अडीच एकर, त्यातले बरेचसे कांद्याखाली. लहानपणापासून मी आप्पांबरोबर ट्रॅक्टरवर बसून लिलावाला गेले आहे. ट्रॉल्या रांगेने उभ्या असतात आणि व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबून भाव बोलतात. पण बोली लावण्याआधी व्यापारी एक गोष्ट हमखास करतो: ट्रॉलीत कोपरापर्यंत हात घालतो आणि खालचा कांदा वर काढतो. वरचा थर सगळ्यांचाच चांगला असतो. गोल, एकसारखा, रंगदार. गोल्टी, जोड, सडका, सगळे खाली असते. आता समजा एखाद्या शेतकऱ्याने सांगितले, "हात घालू नका, वरून पाहा आणि भाव बोला." तर व्यापारी काय समजेल? मध्यम माल आहे असे समजेल का? नाही. तो समजेल, खाली निव्वळ गोल्टी आहे. कारण खाली मध्यम माल असता तरी कोणी हात अडवला नसता.

हेच अर्थशास्त्रात सॅनफर्ड ग्रॉसमन आणि पॉल मिलग्रोम यांनी १९८१ साली स्वतंत्रपणे मांडले. (या मिलग्रोमला पुढे २०२० साली नोबेल मिळाले ते लिलावांच्या अभ्यासाबद्दल. हे वाचले तेव्हा मला उगीचच घरचा माणूस भेटल्यासारखे वाटले.) त्यांचे गणित अवघड आहे, पण गाभा पाच मुलांच्या उदाहरणाने सांगता येतो.

समजा पाच उमेदवार आहेत आणि त्यांचे गुण ९०, ७५, ६०, ५० आणि ४० आहेत. पाचांनीही गुण लिहिले नाहीत, तर कंपनी प्रत्येकाला सरासरीने मोजणार, म्हणजे ६३. हे ९० वाल्याला आणि ७५ वाल्याला परवडणारे नाही, तेव्हा ते आपले गुण लिहून टाकतात. आता गप्प राहिले तिघे, त्यांची सरासरी ५०. साठवाल्याला वाटते, मी का पन्नासात मोजला जाऊ? तोही लिहितो. उरले दोघे, सरासरी ४५. पन्नासवालाही बोलून मोकळा होतो. शेवटी गप्प राहतो तो एकटा चाळीसवाला, आणि तो गप्प आहे म्हणूनच त्याचे चाळीस सगळ्यांना कळतात. त्याने तोंड उघडले नाही तरी त्याची गुणपत्रिका वाचून झालेली असते.

म्हणजे आपली म्हण खोटी का? तर अगदीच खोटी नाही. या गणिताला काही अटी आहेत, आणि म्हण खरी ठरते ती या अटी मोडतात तेथे. पहिली अट अशी की, तुमच्याकडे आकडा आहे हे समोरच्याला माहीत असले पाहिजे. दहावीची परीक्षा तर सगळ्यांनीच दिलेली असते, बी. ए. च्या मुलीने दहावीचे गुण लिहिले नाहीत तर तिने दहावी दिलीच नाही असे कोणी समजत नाही. कॅटचे तसे नाही. कॅट देणे सक्तीचे नाही, शेकडो मुले देतच नाहीत, आणि दादांना तर प्रवेशच सीईटीवर मिळालेला. त्यांच्या बायोडाटात कॅट दिसला नाही तर वाचणारा सरळ समजेल की यांनी दिली नसेल. ती मूठ नाहीच मुळी, तो नुसता हात आहे. दुसरी अट अशी की, वाचणारा त्या आकड्याची वाट पाहणारा असला पाहिजे. गावच्या पतसंस्थेत कारकुनाची जागा असेल तर तेथे सॅट-कॅट कोणाच्या ध्यानीमनीही नसते. सल्लागार कंपन्यांत असते.

येथे पर्सेंटाइलबद्दल दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण त्या दिवशी चहाला जमलेल्यांपैकी निम्म्यांनी तरी अडुसष्ट म्हणजे शंभरापैकी अडुसष्ट गुण असे धरले होते आणि "बरे आहेत की!" असा निर्वाळाही दिला होता. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत, रांगेतली जागा. अडुसष्ट पर्सेंटाइल म्हणजे शंभरातील अडुसष्ट जण तुमच्या मागे. कॅटला अलीकडच्या वर्षांत तीन लाखांच्या आसपास उमेदवार बसतात. तीन लाख धरले तर सुमारे दोन लाख चार हजार मुले दादांच्या मागे आणि शहाण्णव हजार पुढे. आमच्या महाविद्यालयातून पहिल्याच खेपेला, शिकवणी न लावता, दोन लाखांच्या पुढे जाणे मला मोठी गोष्ट वाटते. पण ज्या कंपनीकडे नव्व्याण्णववाल्यांचे अर्ज पडतात तिला पुढचे शहाण्णव हजारच दिसणार. आकडा तोच असतो. तो कोणाच्या टेबलावर पडतो यावर त्याचे वजन ठरते.

आता मी गप्प का होते ते सांगते.

एप्रिल २०२५ मध्ये, प्रथम वर्षाची परीक्षा झाल्यावर, मी एका लहानशा सल्लागार संस्थेत उन्हाळ्याच्या दोन महिन्यांच्या उमेदवारीसाठी अर्ज केला होता. काम गावोगावच्या शेतकरी उत्पादक कंपन्यांची माहिती गोळा करण्याचे. मला त्यातले निम्मे जन्मापासूनच येत होते. अर्जाचा छापील नमुना नव्हता, आपापला बायोडाटा पाठवायचा होता. माझे बारावीचे गुण ७८ टक्के. दहावीचे ५८.४०, आणि गणितात ४१. आम्ही २०२२ ची दहावी. नववीचे सगळे वर्ष मोबाइलवर गेले, आणि घरात मोबाइल एक, शिकणारी भावंडे तीन, त्यांत बारावीच्या भावाचा मान पहिला. अंधार पडल्यावर मोबाइल माझ्या हातात यायचा तेव्हा गणिताचा तास केव्हाच संपलेला असायचा. उत्तम पाच विषयांच्या नियमाने टक्केवारीतून गणित गळाले खरे, पण गुणपत्रिकेवर ते उभे आहेच.

एका मैत्रिणीने सल्ला दिला, "बारावीपासून लिही. दहावी कोण विचारतंय?" मी तसेच केले. बायोडाटा टाइप करताना त्या ओळीच्या जागी रिकामी ओळ राहू नये म्हणून खालचा मजकूर वर ओढून घेतला, हेही आठवते. मुलाखतीला एक बाई होत्या, चाळिशीच्या, बोलायला मोकळ्या. त्यांनी कागदावरून बोट फिरवत वर नेले आणि विचारले, "दहावी दिसत नाही?"

मी म्हटले, "राहिली."

"किती होते?"

"अठ्ठावन्न."

त्या माझ्याकडे पाहून हसल्या. कुत्सित नव्हे, नवल वाटल्यासारख्या. "अगं, मला वाटलं चाळीस-बेचाळीस असतील, नाहीतर नापास होऊन पुन्हा दिली असशील."

पुढचे प्रश्न मला नीट आठवत नाहीत. तोंडी हिशेबाची दोन उदाहरणे होती, त्यांतले एक चुकले. निवड झाली नाही. ती कोऱ्या जागेमुळे झाली नाही असे मी म्हणणार नाही. चुकलेल्या उदाहरणानेही होऊ शकते, आणि माझ्याहून चांगले कोणी आले असेल हेही शक्य आहे. पण त्या अर्ध्या तासात मला एवढे कळले की मी अठ्ठावन्न झाकून स्वतःच्या हाताने त्यांचे चाळीस करून घेतले होते.

घरी आल्यावर आप्पांना सांगितले. आप्पा चौथीपर्यंत शिकलेले. ते म्हणाले, "खालचा माल झाकला तर खळ्यावर वांधा निघतोच की. तुला ठावं नव्हतं का?" मला ठाऊक होते. पण कांद्याला लागू असलेली गोष्ट कागदालाही लागू असेल असे वाटले नव्हते. कागदाची जात वेगळी, शिकलेल्या लोकांची, असे कोठेतरी मनात होते.

हा अनुभव माझ्या एकटीचा असता तर मी तो वार्षिकात छापायला दिला नसता. पण हा लेख लिहिण्यासाठी शोधाशोध करताना अमेरिकेतल्या डार्टमथ महाविद्यालयाचा अहवाल वाचनात आला. २०२० मध्ये कोरोनामुळे तेथील बहुतेक नामवंत विद्यापीठांनी सॅटचे गुण ऐच्छिक केले. वाटल्यास कळवा, नाहीतर नका कळवू. गरीब घरच्या मुलांना याने दिलासा मिळेल अशी सर्वांची समजूत होती. डार्टमथमधील तीन अर्थशास्त्रज्ञ आणि एक समाजशास्त्रज्ञ यांनी मग प्रवेशाची कागदपत्रे तपासली. त्यांना आढळले ते उलटेच. चौदाशेच्या घरातले गुण असलेल्या, पण साध्या शाळांतून व कमी उत्पन्नाच्या घरांतून आलेल्या शेकडो मुलांनी आपले गुण कळवलेच नव्हते. डार्टमथला प्रवेश मिळणाऱ्यांचे गुण साधारणपणे त्याहूनही वरचे असतात, तेव्हा आपले कमी पडतील असे त्यांना वाटले. प्रत्यक्षात प्रवेश देणारे लोक गुण वाचताना मुलाची शाळा आणि परिस्थितीही वाचत होते. ज्या शाळेत कोणी बाराशेच्या वर जात नाही तेथल्या मुलाचे चौदाशे त्यांना फार मोलाचे होते. गुण कळवले असते तर त्या मुलांची संधी वाढली असती. फेब्रुवारी २०२४ मध्ये डार्टमथने सॅटची सक्ती पुन्हा आणली.

मी तो भाग दोनदा वाचला. ही मुले अभ्यासात कमी नव्हती. आपला आकडा कोण वाचणार आणि कसा वाचणार हे सांगणारे त्यांच्या घरी कोणी नव्हते, एवढेच. ज्याचा बाप स्वतः महाविद्यालयातून गेला आहे तो मुलाला सांगतो, "लिही रे, चालतं." आमच्यासारख्यांना मैत्रीण सांगते, आणि मैत्रिणीला तरी कोण सांगणार? संकोच नेहमी झाकण्याच्या बाजूने कौल देतो.

मात्र येथे एक गोष्ट झाकून ठेवली तर मीही ट्रॉलीवरचा थर दाखवल्यासारखे होईल. डार्टमथसारखे परिस्थितीसह गुण वाचणारे वाचक नोकरीच्या बाजारात सर्वत्र नाहीत. लॉरेन रिवेरा या अभ्यासिकेने अमेरिकेतील बड्या सल्लागार कंपन्या, बँका आणि वकिली पेढ्या माणसे कशी निवडतात याचा अभ्यास करून २०१५ साली 'पेडिग्री' हे पुस्तक प्रसिद्ध केले. निवडणारे लोक विद्यापीठाच्या नावाला आणि उमेदवाराच्या छंदांना, खेळांना भारी महत्त्व देतात आणि आपल्यासारखाच माणूस शोधतात, असे तिने दाखवले. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये थोडे वेगळेही घडले. पीडब्ल्यूसी या मोठ्या हिशेब व सल्लागार संस्थेने पदवीधरांची भरती करताना शालान्त गुणांची अट बहुतेक ठिकाणी काढली, ईवायनेही तसेच केले, आणि डेलॉइटने उमेदवाराचे गुण त्याच्या शाळेच्या व परिस्थितीच्या संदर्भात पाहण्याची पद्धत सुरू केली. म्हणजे परिस्थितीसह वाचणे अशक्य नाही. पण आपला अर्ज जेथे जाणार तेथे ते होते की नाही, हे आधी विचारून घ्यावे लागते. जेथे साठाची चाळणी संगणकच लावतो तेथे अठ्ठावन्न लिहिले काय, न लिहिले काय, अर्ज खालीच पडणार. तेथे साठ लिहिण्याचा मोह होतो. तो मोह फार महाग आहे. नोकरी लागल्यावर कंपन्या मूळ गुणपत्रिका तपासून घेतात, आणि खोटा आकडा सापडला तर लागलेली नोकरीही जाते. ५८.४० ला "सुमारे साठ" म्हणणे हाही त्यातलाच प्रकार. दशांश चिन्ह अर्जात विनोदासाठी नसते.

आणखी एक युक्ती मुले करतात, ती म्हणजे एकूण गुण गाळून फक्त चांगला विभाग लिहिणे. कॅटचे तीन विभाग असतात. भाषेत नव्वद पर्सेंटाइल असेल तर तेवढेच लिहायचे. यात खोटे काही नाही. पण बाकीचे दोन कुठे, हा प्रश्न वाचणाऱ्याच्या मनात आपणच पेरतो. काही न लिहिणाऱ्याने परीक्षा दिली नसेल असे तरी समजता येते, अर्धे लिहिणाऱ्याला ती सोय राहत नाही.

मग कमी गुण लिहायचे असतील तर कसे लिहायचे? सरांना विचारले तेव्हा ते म्हणाले, "आकडा लिहा, शेजारी एक ओळ लिहा, आणि थांबा. रडगाणे नको." एका ओळीत मावेल अशी वस्तुस्थिती असावी, उदाहरणार्थ घरी एक मोबाइल होता किंवा शाळेत अर्धे वर्ष गणिताला शिक्षक नव्हते. आणि तिच्याखाली त्या कमतरतेला उत्तर देणारा नंतरचा पुरावा असावा. माझ्या बाबतीत तो म्हणजे प्रथम वर्षाच्या अर्थशास्त्राच्या पेपरातले ८१ गुण, ज्यात आलेख आणि आकडेमोड भरपूर होती. जुन्या आकड्याला नवा आकडाच उत्तर देतो. शब्द फारसे देत नाहीत. पुढे नोकरीत दोन-चार वर्षे गेली की हे सगळे आपोआप मागे पडते. गूगलमध्ये माणसांच्या भरतीचे काम पाहणारे लास्लो बॉक यांनी २०१३ साली एका मुलाखतीत सांगितले होते की परीक्षेच्या गुणांवरून माणूस काम कसे करील हे कळत नाही असे त्यांना आढळले. नुकत्याच पदवी घेतलेल्यांच्या बाबतीत मात्र थोडा संबंध दिसतो. दुर्दैवाने आपण सगळे त्या "मात्र"मध्ये येतो.

दादांचे काय झाले, असे विचारणारे निघतीलच. त्यांनी कंपनीच्या अर्जाचा नमुना सरांना दाखवला. त्यात सीईटीचा रकाना होता, आणि त्याखाली "इतर प्रवेशपरीक्षा दिल्या असल्यास" असा दुसरा. नुसता बायोडाटा पाठवायचा असता तर कॅट गाळण्यात काही गैर नव्हते आणि तोटाही नव्हता. वर सांगितल्याप्रमाणे ती मूठच नव्हती. पण येथे सरळ विचारले होते. विचारल्यावर रकाना कोरा ठेवणे म्हणजे परीक्षा दिली नाही असे सांगणे, आणि ते खोटे. दादांनी अडुसष्ट लिहिले, शेजारी "२०२३, पहिला प्रयत्न, स्वयंअध्ययन" एवढेच. त्यांना लेखी चाचणीसाठी बोलावणे आले. पुढचे हा मजकूर छपाईला देईपर्यंत समजलेले नाही.

मीही या जानेवारीत दुसऱ्या एका संस्थेकडे उन्हाळी उमेदवारीचा अर्ज भरला. या वेळी रकाना होता. "दहावी: ५८.४०, मार्च २०२२" असे लिहिले, शेजारी मोबाइलची एक ओळ, आणि गणिताचे ४१ ही वेगळे लिहिले, कारण हिशेबाचे काम आहे म्हटल्यावर ते विचारणारच. खाली पालकांच्या सहीची जागा होती. आप्पांनी पेन हातात घेतले आणि सही करण्याआधी विचारले, "समदं लिहिलंस ना?" मी हो म्हटले. त्यांनी मग सवयीप्रमाणे एकेक अक्षर सुटे काढत, सावकाश सही केली.